जुन्या दुनळी बंदुकीची नाडीपरीक्षा

कुंभारवाड्यांत माठ घेण्यास गेलेली गृहिणी माठ नुसता डोळ्यांनीं पाहून घेत नाहीं. एका हातावर तो तोलून दुसऱ्या हाताच्या बोटानें ती त्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का भाजलेला आणि बिनतड्याचा. बद्द आला तर तो जागच्या जागीं परत. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो, हें ज्ञान घरोघर आहे. वैद्यकानेंहि त्याचा उपयोग केला. ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील एका खाणावळवाल्याचा मुलगा, डॉक्टर लेओपोल्ड आउएनब्रुग्गर, यानें रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून आंतील विकार ओळखण्याची रीत १७६१ सालीं प्रसिद्ध केली. मद्याचें पिंप कोठवर भरलें आहे हें ठोकून पाहण्याची युक्ति त्यानें बापाच्या तळघरांत पाहिली होती, असें सांगतात. लांब दांड्याचा हातोडा घेऊन उभ्या गाडीचीं चाकें ठोकीत जाणारा रेल्वेचा माणूस तर जुन्या प्रवाशांच्या चांगला स्मरणांत आहे.

ह्याच कुळांतील एक परीक्षा आहे ती जुन्या दुनळी बंदुकीची. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपले. तरी शेताच्या राखणीसाठीं, निशाणबाजीसाठीं किंवा केवळ वडिलोपार्जित ठेव म्हणून अशा बंदुका कित्येक घराण्यांतून अजून आहेत. वारसानें स्वतःच्या नांवानें परवाना काढलेला असतो, बंदूक वर्षानुवर्षें कपाटांत उभी असते. आणि एके दिवशीं ती हातांत घेतली असतां तिच्यांतून कसलासा आवाज येतो. कोठें खुळखुळ, कोठें कुरकुर, कोठें टिक्. हा आवाज दुर्लक्षिण्याजोगा आहे कीं प्राणावर बेतणारा आहे, असा प्रश्न त्या वेळीं उभा राहतो. त्याचें उत्तर अंदाजानें देतां येत नाहीं. परंतु क्रमाक्रमानें शोधलें तर पुष्कळसें देतां येतें.

प्रथम बंदुकीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. येथें विचार आहे तो इंग्रजी पद्धतीच्या, दोन नळ्या शेजारीं शेजारीं असणाऱ्या १२ बोअरच्या बंदुकीचा. बोअर १२ म्हणजे नळीच्या पोकळींत नेमकी बसणारी शिशाची गोळी वजनानें एक बारांश पौंड. त्या पोकळीचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारें १८.५ मिलिमीटर. अशा बंदुका लंडन आणि बर्मिंगहॅम येथें फार मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि दुकानदारांच्या नांवानें हिंदुस्थानांत आल्या. मुंबईंत काळ्या घोड्यापाशीं ज्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आजहि उभी आहे, त्या पेढीच्या नांवाच्या बंदुकाहि मूळ कारखान्यांतून बनवून घेतलेल्या असत. म्हणून नळीवर कोरलेलें नांव विकणाराचें कीं घडविणाराचें, हेंहि एकदां पाहून घ्यावें लागतें.

अशी बंदूक तीन भागांत सुटते. पहिला भाग नळ्यांची जोडी. दुसरा नळ्यांखालचा लांबट लाकडी तुकडा, त्याला सोयीसाठीं पुढचा दस्ता म्हणूं. तिसरा मुख्य दस्ता आणि त्याला जोडलेला पोलादी सांगाडा, ज्यांत चाप आणि घोडे असतात. नळ्यांच्या मागच्या टोकाखालीं एक पोलादी ठोकळा असतो. त्याची खांच सांगाड्यांतील आडव्या खिळीवर अडकते आणि दरवाजा जसा बिजागरीवर फिरतो तशा नळ्या त्या खिळीवर उघडतात व मिटतात. मिटल्यावर खालून एक सरकता अडसर ठोकळ्याच्या खोबणींत शिरून त्यांना पक्कें धरतो. जेम्स पर्डी यानें १८६३ सालीं काढलेली अडसराची ही रीत पुढें सर्वत्र रूढ झाली. १८७५ सालीं अ‍ॅन्सन आणि डीली ह्या बर्मिंगहॅमच्या दोघांनीं घोडे सांगाड्याच्या आंत घेतले आणि नळ्या उघडण्याच्या ओघांतच ते चढतील अशी योजना केली. त्यामुळें घोडा चढला आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसेनासें झालें, आणि कानाचें काम वाढलें.

तपासणीचा पहिला नियम बोलून दाखविण्यासहि संकोच वाटावा इतका साधा आहे, परंतु त्याच्या अभावीं अपघात घडतात. बंदूक उघडावी, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे आरपार पाहावें, काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं, आणि हातांत घेतांना प्रत्येक वेळीं पुन्हां पाहावें. रिकामी बंदूक म्हणजे जी आतांच उघडून पाहिली ती. काल पाहिली होती ती नव्हे.

दुसरा नियम वैद्याचा आहे. दुखतें कोठें, हें विचारण्याआधीं केव्हां दुखतें हें विचारावें. आवाज बंदूक नुसती हलवितांना येतो, कीं उघडतां-मिटतांना येतो, कीं चाप ओढतांना येतो, कीं बार काढतांना? ह्या एका प्रश्नानें अर्धा शोध आटोपतो. नंतर बंदूक तीन भागांत सोडवून प्रत्येक भाग निराळा हलवून पाहावा. नळ्या वेगळ्या केल्यावर खुळखुळ त्यांच्यांतच राहिली तर दोष त्यांचा; दस्त्याकडे गेली तर दस्त्याचा किंवा घोड्याच्या यंत्राचा; आणि तिन्ही भाग मुके झाले तर दोष त्यांच्या सांध्यांत. सामान्य माणसानें येथवर निःशंक जावें. ह्यापुढें स्क्रू काढण्याचा मोह आवरावा. कारण जुन्या बंदुकीचे स्क्रू अत्यंत बारीक फटींचे असतात आणि बाजारी पेचकसानें त्यांचीं तोंडें एकदां बिघडलीं कीं कारागिराचेंहि काम अवघड होतें.

आतां नळ्यांकडे वळूं. दोन नळ्या एकमेकींना साऱ्या लांबीभर चिकटलेल्या नसतात. मागच्या टोकाशीं त्या पितळेच्या झाळीनें किंवा घडणीनेंच पक्क्या जोडलेल्या असतात. पुढें मात्र त्यांच्यामध्यें एक निमुळती पोकळी राहते, आणि ती झाकण्यासाठीं वर एक व खालीं एक अशा लांब पट्ट्या बसविलेल्या असतात. इंग्रजी कामांत ह्या पट्ट्या कथील-शिशाच्या मऊ झाळीनें जोडतात. पितळेच्या झाळीला जी प्रखर उष्णता लागते तिनें लांब, पातळ नळ्या वांकण्याचें भय असतें. कथील-शिशाची झाळ दोनशें अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, म्हणून ती पसंत केली गेली. पण जी झाळ सहज लागते ती सहज सुटतेहि. शंभर वर्षांच्या हादऱ्यांनीं, गंजानें किंवा चुकीच्या दुरुस्तीनें पट्टी एखाद्या वितीपुरती सुटते. वरून कांहींच दिसत नाहीं.

हा दोष कानानें पकडण्याची रीत जुनी व विश्वासार्ह आहे. नळ्यांची जोडी सुटी करावी, खालच्या ठोकळ्याच्या खांचेंत बोट किंवा मजबूत दोरी घालून ती उभी टांगावी, आणि बोटाच्या पेरानें अथवा लहान लाकडी ठोक्यानें हलकेच ठोकावें. सांधे निर्दोष असले तर घंटेसारखा स्वच्छ नाद निघतो आणि कांहीं क्षण रेंगाळत विरतो. पट्टी कोठें सुटली असली तर तोच नाद बद्द होतो, लवकर मरतो, किंवा त्यांत माशी गुणगुणल्यासारखी झणझण मिसळते.

ह्याचें कारण संगीताच्या चाहत्यांना चटकन् उमगेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. कांपणारी तार घोडीला क्षणोक्षणीं स्पर्श करून सुटते आणि त्या स्पर्शांतून झणत्काराचा भरलेला आवाज उठतो. सुटलेली पट्टीहि हेंच करते. नळी कांपते, पट्टी तिच्या मागें पडते, दोन्ही एकमेकींवर आदळतात आणि घासतात. घासण्यांत कंपनाची शक्ति खर्ची पडते म्हणून नाद लवकर मरतो. आदळण्यांतून उंच, बारीक स्वर जन्मतात म्हणून झणझण ऐकूं येते. तंबोऱ्यांत जो गुण तो बंदुकींत दोष, एवढाच फरक.

परंतु ह्या परीक्षेंत खोटे साक्षीदार फार. नळ्यांच्या मागच्या टोकाशीं काडतूस बाहेर ढकलणारा छोटा सरकता तुकडा असतो. तो सैल असल्यास तोच झणझणतो. पट्टा अडकविण्याची कडी, निशाणाचा मणि, पुढचा दस्ता अडकविण्याचा हूक हेहि असाच भ्रम निर्माण करतात. म्हणून शंका येणारा प्रत्येक भाग बोटानें दाबून धरून पुन्हां ठोकावें. कडी दाबतांच झणझण थांबली तर अपराधी कडी आहे, पट्टी नव्हे. नळ्यांवर तीनचार ठिकाणीं ठोकून नाद ताडून पाहावा, आणि एका बंदुकीच्या नादाची तुलना दुसरीच्या नादाशीं करूं नये; कारण लांबी, जाडी आणि खालच्या ठोकळ्याचें वजन यांवर स्वर अवलंबून असतो. आवाज मंद असणें हा दोष नव्हे. फुटका असणें हा दोष. पट्टीची शंका बळावल्यास तिच्या कडेला पातळ तेलाची रेघ ओढून पट्टी अंगठ्यानें दाबावी. तेल आंत शोषलें गेलें किंवा कडेला बारीक बुडबुडे आले तर निदान पक्कें झालें.

कधीं झणझण नसते, पण नळ्या उभ्या-आडव्या करतांना आंतून भोपळ्यांतल्या बीसारखा खडखडाट येतो. दोन नळ्यांमधल्या बंद पोकळींत झाळीचा थेंब, वाळलेल्या राळेचा खडा, किंवा नळ्यांतील अंतर राखण्यासाठीं बसविलेला लहान तुकडा सुटला म्हणजे असें होतें. नुसता झाळीचा थेंब निरुपद्रवी; परंतु अंतर राखणारा तुकडा सुटला असेल तर पट्टीचा आधार गेला. कानाला दोन्हींत भेद करतां येत नाहीं. म्हणून खडखडाट ऐकल्यावर नादाची परीक्षा अवश्य करावी.

पट्टी सुटल्यानें बार निघतांच नळी फुटते असें नाहीं. खरी हानि सावकाश होते. फटींतून पावसाळी हवा, घाम आणि धुण्याचें पाणी पोकळींत जातें, तेथें तें वाळत नाहीं, आणि नळीची बाहेरची बाजू दृष्टीआड गंजून पातळ होत जाते. कोंकणासारख्या दमट प्रदेशांत हें विशेष संभवतें. ह्या रोगाचें एक कारण तर दुरुस्तीनेंच निर्माण केलेलें असतें. जुन्या नळ्यांना काळसर रंग देण्याची मूळ रीत म्हणजे हलका गंज चढवून, उकळून, घासून तो पुनःपुन्हां बसविणें. तिला दिवस लागतात. वेळ वांचविण्यासाठीं कोणी त्याच नळ्या कॉस्टिक सोड्याच्या व क्षारांच्या तापलेल्या द्रावणांत बुडवितो. साध्या एकनळी रायफलीला तें चालतें. दुनळीच्या मऊ झाळीला तें द्रावण खाऊन टाकतें आणि क्षार पट्टीखालीं कायमचे अडकतात. रंग सुरेख येतो, आणि सांधे सुटूं लागतात. नव्यानें रंग दिलेल्या जुन्या दुनळीचा नाद म्हणूनच अधिक सावधपणें ऐकावा.

आतां सांध्याचा विचार. बंदूक मिटल्यावर नळ्यांचीं मागचीं तोंडें सांगाड्याच्या उभ्या भिंतीला घट्ट टेकलीं पाहिजेत. खीळ आणि खांच झिजल्या कीं तेथें केसाएवढी फट पडते, आणि बंदूक हलवितांना बारीक टक् टक् असा आवाज येतो. गंमत अशी कीं पुढचा दस्ता जागेवर असतांना त्याचा ताण नळ्यांना मागें रेटतो आणि हा आवाज लपवितो. म्हणून परीक्षा करतांना पुढचा दस्ता काढावा, बंदूक मिटावी, एका हातानें नळ्या आणि दुसऱ्या हातानें मुख्य दस्ता धरून बाजूला व वरखालीं हलकेच हलवावें. सिगारेटीच्या पातळ कागदाची पट्टी नळ्यांच्या तोंडांशीं ठेवून बंदूक मिटण्याची रीत कारागीर वापरतात. कागद पकडला गेला तर सांधा ठीक, सहज ओढून निघाला तर फट आहे. उलट, पुढचा दस्ता लावल्यावरच जर खुळखुळ होत असेल तर दोष बहुधा त्याच्या हुकाचा असतो आणि तो पुष्कळ सौम्य आहे.

सैल सांध्याचा धोका कोणता? बार निघतांना काडतुसाचें बूड भिंतीवर मागें आदळतें. फट असली तर प्रत्येक बारागणिक नळ्या आणि सांगाडा एकमेकांवर घणासारखे आपटतात आणि सैलपणा आपणच वाढत जातो. ह्यावर खरा इलाज म्हणजे मापानें मोठी खीळ घालणें किंवा खांचेंत पोलादाचा भर घालून ती पुन्हां मिळवून घेणें. खांचेची कड हातोडीनें ठेचून पोलाद पुढें सरकविण्याचीहि एक वाट आहे. तिनें बंदूक चार दिवस घट्ट लागते, टक् टक् थांबते, आणि गिऱ्हाईक समाधानानें घरीं जातो. परंतु ठेचलेली कड थोड्याच बारांत पुन्हां दबते. खांचेच्या तोंडाशीं ठोक्याच्या खुणा दिसल्या तर बंदुकीचें मौन खरें मानूं नये.

चापाशीं संबंध असलेले आवाज निराळ्या जातीचे आहेत. नळ्या पूर्ण उघडतांना दोन्ही घोडे चढतात आणि प्रत्येकाची खिटी आपल्या खांचेंत पडतांना टिक् असा आवाज होतो. बहुधा दोन्ही टिक् लागोपाठ, कधीं एकात्म येतात. एकच टिक् सतत येत असेल, तर एक घोडा चढत नसल्याची शंका घ्यावी. नंतर दोन्ही कोठ्यांत खोटीं काडतुसें, म्हणजे आंत कमान किंवा मऊ गादी असलेलीं रिकामीं काडतुसें, घालून एकेक चाप ओढावा. त्यांवांचून चाप ओढणें टाळावें. ठोका घ्यायला कांहीं नसल्यानें टोंची मोडूं शकते. दोन्ही घोड्यांचा आवाज सारखा, तुटक आणि सणसणीत आला पाहिजे. एक सणसणीत आणि दुसरा मवाळ असेल तर त्या बाजूची कमान थकली आहे किंवा मोडली आहे, अथवा वाळलेल्या तेलाच्या चिकट्यानें घोडा अडत आहे. कित्येक जुन्या बंदुकांचा रोग एवढाच असतो. वर्षानुवर्षें ओतलेलें तेल आंत डिंकासारखें घट्ट झालेलें असतें आणि साफसफाईनें आवाज परत येतो. मोडलेल्या कमानीचा तुकडा मात्र सांगाड्यांत हिंडतो आणि हलवितांना धातूचा स्पष्ट खळखळाट होतो. तो भलत्या जागीं अडकून खिटी अर्धवट धरून ठेवूं शकतो. असा खळखळाट असलेली बंदूक भरणें म्हणजे केव्हां सुटेल तें न कळणारा बार जवळ बाळगणें.

उंची बंदुकांतून आणखी एक दुसरी खिटी असते. धक्क्यानें घोडा सुटलाच तर त्याला वाटेंतच अडवावें, हें तिचें काम. तिची जुळणी बिघडली म्हणजे चाप रीतसर ओढूनहि ती घोड्याला अडविते, आणि सणसणीत ठोक्याऐवजीं अर्ध्यावर थबकलेला आवाज येतो. रखवालदारच घरधन्याला अडवूं लागला, असा हा प्रकार. ती काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानूं नये. तिला पुन्हां जुळविणें हाच उपाय.

लाकडाचा आवाज धातूच्या आवाजाहून ओळखूं येण्याजोगा असतो. तो टिकटिकत नाहीं, कुरकुरतो. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता पावसाळ्यांत फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो, आणि कांहीं वर्षांनीं त्याला धरणारे स्क्रू सैल पडतात. दस्त्याची मूठ दोन्ही हातांनीं धरून हलकासा पीळ दिला असतां कुरकुर आली, तर सांगाड्याच्या मागें जेथें लाकूड सर्वांत पातळ असतें तेथें भिंगानें तडा शोधावा. बंदूक नळ्या वर करून उभी ठेवण्याच्या संवयीनें तेल खालीं झिरपतें, लाकूड त्या जागीं काळें व पिठूळ होतें आणि तडा लौकर जातो. दस्त्याच्या टोकाला कधीं वजन साधण्यासाठीं भोंक पाडून आंत शिसें भरलेलें असतें. तें सुटलें तर गडगडतें, पण तो आवाज निर्धोक आहे.

येथवरचे सर्व आवाज घरांत, रिकाम्या बंदुकीचे. आतां ते तीन आवाज, जे बार काढतांना येतात आणि ज्यांच्यापुढें विचाराला क्षणाचाच अवधि असतो. १२ बोअरच्या साध्या काडतुसासाठीं युरोपांतील मान्य मर्यादा ७४० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशें पटींहून अधिक दाब, ही आहे. तो सारा दाब डाव्या हातापासून वितीभर अंतरावर उठतो, हें विसरूं नये.

पहिला आवाज: चाप ओढल्यावर नुसती टिक्, बार नाहीं. अशा वेळीं बंदूक लगेच उघडूं नये. दारू उशिरां पेटण्याचा संभव असतो. नळ्यांचीं तोंडें सुरक्षित दिशेला तशींच ठेवून निदान अर्धें मिनिट, शक्यतों पुरतें एक मिनिट थांबावें आणि मगच उघडावें. दुसरा आवाज: बार निघाला, पण तो फुसका, दबका, धक्काहि नेहमींपेक्षां कमी. काडतुसांतील डाट किंवा छर्रे नळींतच अडकले असण्याचा हा इशारा आहे. त्याच्यावर दुसरा बार काढणें म्हणजे नळी फोडणें. बंदूक रिकामी करून आरपार उजेड दिसेपर्यंत दुसरें काडतूस हातांत घेऊं नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. १२ बोअरच्या बंदुकींत चुकून २० बोअरचें काडतूस घातलें तर तें कोठींतून पुढें घसरतें आणि कोठी जेथें निमुळती होते तेथें अडून बसतें. चाप ओढला कीं नुसती टिक् होते. उघडून पाहणाराला कोठी रिकामी दिसते. तो समजतो, काडतूस घालावयाचें राहिलें. आणि तो १२ चें काडतूस मागें भरतो. पुढचा परिणाम सांगावयास नको. ह्याच कारणासाठीं २० बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याचा प्रघात पडला आहे. कोठी रिकामी असूनहि टिक् झाली तर कोठीकडे नव्हे, नळीच्या दुसऱ्या टोकाच्या उजेडाकडे पाहावें.

आतां ह्या साऱ्या परीक्षेची मर्यादा सांगणें भाग आहे. ठोकून आलेला नाद पट्ट्या आणि सांधे यांविषयीं बोलतो. नळीची भिंत किती जाड राहिली आहे याविषयीं तो बोलत नाहीं. गंजाचे खड्डे घासून घासून काढलेली नळी आंतून आरशासारखी चकाकते, घंटेसारखी वाजते, आणि तरीहि धोकादायक रीतीनें पातळ असूं शकते. ब्रिटिश कारागीर सर्वांत पातळ जागीं इंचाच्या २० सहस्रांश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरएवढी, जाडी ही साधारण खालची मर्यादा धरतात. ती मापण्याचें हत्यार निराळें असतें. कान तेथें चालत नाहीं. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या, नक्षीदार दमास्कस नळ्यांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें. पोटांत गंज लपलेली अशी नळी गोड वाजूं शकते.

नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरील मुद्रा म्हणूनच आवाजाइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्या. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें प्रत्येक नळी नेहमींपेक्षां जड भरणा घालून उडवीत आणि टिकली तरच मुद्रा उठवीत. केवळ काळ्या दारूसाठीं तपासलेली नळी आजच्या निर्धूर दारूच्या काडतुसासाठीं नव्हे. शिवाय पुष्कळ जुन्या बंदुकांची कोठी अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते, आणि आजचीं सर्रास मिळणारीं काडतुसें ७० मिलिमीटरचीं. काडतुसाची लांबी बार निघून तोंड उलगडल्यावरची मोजतात. मिटलेलें लांब काडतूस आंखूड कोठींत निमूट बसतें आणि उलगडतांना वाट अडवून दाब वाढवितें. बसलें म्हणजे चाललें, हा न्याय येथें लागू नाहीं. आणि ह्या दोषाचा आधीं कसलाहि आवाज येत नाहीं.

निदान घरीं करावें, दुरुस्ती घरीं करूं नये. भारतांत १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें बंदुकांची दुरुस्ती व चांचणी हें व्यवसाय म्हणून करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक नेण्यापूर्वीं कारागिराजवळ तो आहे याची खात्री करून घ्यावी. त्याच्यापाशीं जातांना “बंदूक वाजते” एवढेंच सांगूं नये. आवाज केव्हां येतो, बंदूकीचा कोणता भाग सुटा केल्यावर टिकतो, कोणता भाग दाबल्यानें थांबतो, हें कागदावर टिपून न्यावें. एवढ्यानें चांगल्या कारागिराचा वेळ वांचतो, आणि कामचुकाराला पळवाट उरत नाहीं.

जुनी बंदूक वाजूं लागली म्हणून ती टाकाऊ झाली असें नाहीं. सुटलेली पट्टी पुन्हां बसवितां येते, झिजलेला सांधा भरतां येतो, थकलेली कमान बदलतां येते. उत्तम घडणीची बंदूक अशा डागडुजीनें आणखी एक पिढी काढते. परंतु तोंपर्यंत तिच्यांत काडतूस जाऊं नये. आणि आवाज थांबला एवढ्यावरून काडतूस भरूं नये. नळीची जाडी मापली गेली, मुद्रा वाचल्या गेल्या, कोठी मोजली गेली, तरच भरावें. हीं तीन मापें ज्या बंदुकीला उतरलीं नाहींत, तिची जागा भिंतीवर आहे. तेथेंहि तिच्या परवान्याची मुदत मात्र पाळावी लागतेच.